तासाभराचे उड्डाण, चार दिवसांचे बेट

तंजावरहून श्रीलंकेच्या छोट्या सहलीची आखणी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दोन भिन्न काळांतील कोरीव लेख एकाच प्राकारात नांदत आहेत. पहिले आहेत चोळसम्राट पहिल्या राजराजाचे. १०१० मध्ये पूर्णत्वास गेलेल्या या मंदिराला सिंहलद्वीपातील काही गावांचे उत्पन्न लावून दिल्याची नोंद त्यांत आढळते. दुसरा लेख आहे आपल्या मराठीतील. दुसऱ्या शरभोजीराजांच्या कारकिर्दीत, १८०३ मध्ये, भोसले घराण्याची हकिगत सांगणारा हा प्रदीर्घ लेख येथे कोरला गेला. या मंदिरात उभे राहिले म्हणजे महाराष्ट्र आणि श्रीलंका या दोहोंशी तंजावरचे नाते किती जुने आहे, याची जाणीव होते.

राजराजाच्या सैन्याला समुद्र ओलांडण्यासाठी गलबते लागली. आज तिरुचिरापल्लीहून कोलंबोला नेणारे विमान साधारण तासाभरात उतरते. त्यामुळे तंजावर परिसरातील मराठी कुटुंबे, बदलीच्या निमित्ताने तमिळनाडूत आलेले आपले कर्मचारी आणि दक्षिणयात्रेस आलेले महाराष्ट्रातील ग्राहक, या सर्वांच्या मनात एकच प्रश्न येतो. बेट इतके जवळ आहे, तर तीन-चार दिवसांत जाऊन येता येईल का?

उत्तर होकारार्थी आहे. मात्र एका अटीवर. दीर्घ प्रवासात एखादा दिवस वाया गेला तर तो भरून काढता येतो. चार दिवसांच्या सहलीत एक दिवस गमावणे म्हणजे मुद्दलाचा चौथा हिस्सा गमावणे होय. म्हणून सहल जितकी छोटी, तितकी तिची आखणी अधिक काटेकोर हवी.

उड्डाण तासाचे, प्रवास दिवसाचा

तंजावरला भारतीय हवाई दलाचा तळ आहे, परंतु परदेशी जाण्यासाठी तिरुचिरापल्लीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ गाठावा लागतो. २०२४ मध्ये तेथे नवी प्रशस्त इमारत प्रवाशांच्या सेवेत दाखल झाली. तंजावरपासून हे अंतर साधारण पंचावन्न ते साठ किलोमीटर असून मोटारीने सव्वा ते दीड तास लागतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचणे श्रेयस्कर. त्यानंतर तासाभराचे उड्डाण, कोलंबोच्या विमानतळावरील तपासणी व सामान मिळण्यासाठी आणखी एक तास, आणि पुढे मुक्कामाच्या गावापर्यंतचा रस्ता.

ही बेरीज प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावी. कोलंबोचा भंडारनायके आंतरराष्ट्रीय विमानतळ शहरात नसून शहराच्या उत्तरेस, तीस किलोमीटरहून अधिक अंतरावर, काटुनायके येथे आहे. समुद्रकाठचे नेगोंबो गाव तेथून जवळ पडते. तेथे मुक्काम केला तर घरापासून खोलीपर्यंत सुमारे सात तास होतात. थेट डांबुल्ला गाठायचे ठरविले, तर हाच आकडा दहा तासांवर जातो. परतीच्या दिवसाचाही हिशेब असाच. तात्पर्य, चार दिवसांच्या सहलीत मनासारखे फिरण्यासाठी हाती उरतात ते पूर्ण दोन दिवस. आखणी करावयाची आहे ती या दोन दिवसांची.

एकच दिशा निवडावी

श्रीलंका नकाशावर लहान दिसते. क्षेत्रफळाने ती महाराष्ट्राच्या साधारण एक-पंचमांश आहे. परंतु मध्यभाग डोंगराळ असून रस्ते वळणावळणाचे आहेत. कोलंबो ते कँडी हे सुमारे ११५ किलोमीटरचे अंतर कापण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागतो. सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया आणि गॉल ही सर्व ठिकाणे चार दिवसांत दाखविणारा कार्यक्रम वस्तुतः मोटारीच्या खिडकीतून बेट दाखवितो. म्हणून आधीच ठरवावे, समुद्र हवा की इतिहास?

समुद्र हवा असेल, तर दक्षिणेकडे वळावे. कोलंबोहून द्रुतगती मार्गाने गॉल सुमारे दोन तासांवर आहे. डच अमलातील तटबंदीच्या आत वसलेले हे जुने नगर १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. वाटेत बेंतोटासारखे वाळूचे किनारे आहेत. ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुले सोबत असतील, तर एकाच ठिकाणी तीन रात्री राहण्याचा हा पर्याय अधिक सुखाचा.

इतिहासाची ओढ असेल, तर डांबुल्ला येथे दोन रात्री आणि कँडी येथे एक रात्र राहावे. डांबुल्ल्याहून सिगिरिया जवळ आहे. पाचव्या शतकातील कश्यप राजाने एका प्रचंड खडकाच्या माथ्यावर येथे आपला महाल उभारला. वर जाण्यास हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. गुडघेदुखी वा हृदयविकार असणाऱ्यांनी पायथ्याच्या उद्यानांत समाधान मानावे. दुसऱ्या दिवशी पोलोन्नरुवा पाहावे. चोळांनी बेटाचा उत्तर भाग जिंकल्यावर आपली राजधानी येथे ठेवली होती. त्यांच्या काळातील एक पाषाणी शिवमंदिर अद्याप उभे आहे. राजराजाच्या राणीच्या नावावरून ते वानवन्महादेवी ईश्वरम् म्हणून ओळखले जाते. बृहदीश्वराच्या सावलीत वाढलेल्या तंजावरकरास ही शिल्पशैली परकी वाटणार नाही. पुढे कँडीत बुद्धांच्या दंतधातूचे मंदिर आहे. तेथे खांदे व गुडघे झाकणारा वेष आवश्यक आहे, तसेच बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे अनादराचे मानले जाते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

तंजावरच्या मराठी कुटुंबांना येथे एक जास्तीची सोय आहे. सिंहलीबरोबर तमिळ हीदेखील श्रीलंकेची राजभाषा असल्याने पाट्या वाचणे आणि वाट विचारणे त्यांना सुलभ जाते.

ऋतू पाहून तिकीट काढावे

या बेटावर दोन मोसमी पाऊस पडतात. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, बेंतोटा व गॉलच्या बाजूस पाऊस आणतात. त्या वेळी पूर्वेकडील त्रिंकोमालीचा किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्य मोसमी पाऊस उत्तर व पूर्व भागांत पडतो, तर दक्षिण-पश्चिम किनारा उघडा असतो. सबब गॉलची सहल डिसेंबर अखेरीपासून मार्चपर्यंत आखणे उत्तम.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने कावेरीच्या खोऱ्याप्रमाणेच तेथेही चक्रीवादळांचे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस ‘दितवा’ चक्रीवादळाने श्रीलंकेच्या डोंगराळ भागात दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली आणि रस्ते व लोहमार्गांचे अतोनात नुकसान झाले. त्यामुळे डोंगरातील प्रवास ठरविताना, विशेषतः आगगाडीचा बेत असल्यास, मार्ग चालू असल्याची खात्री करूनच आरक्षण करावे.

पंचांगावरही दृष्टी टाकावी. प्रत्येक पौर्णिमेस तेथे सार्वजनिक सुटी असते. कँडीचा एसला पेराहेरा हा उत्सव जुलै-ऑगस्टमध्ये येतो. तो पाहण्यासारखा असतो, परंतु त्या दिवसांत निवासाचे दर चढतात.

कागदपत्रे

पारपत्राची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी. नूतनीकरणास लागणारा वेळ ध्यानात घेता ही तपासणी तिकीट काढण्यापूर्वीच करावी. श्रीलंकेत प्रवेशासाठी ईटीए नावाचा विद्युत परवाना २०१२ पासून अस्तित्वात आहे. भारतीयांसाठीचे त्याचे शुल्क व नियम अलीकडच्या काळात अनेकदा बदलले आहेत. म्हणून जुन्या माहितीवर न विसंबता, तिकिटापूर्वी श्रीलंका शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावरच नियम पाहावेत. तिकिटावरील नाव आणि पारपत्रावरील नाव अक्षरशः एक असावे. तमिळनाडूत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावण्याची आणि आपल्याकडे आडनाव लावण्याची रीत असल्याने तंजावरच्या मराठी कुटुंबांत एकाच व्यक्तीचे नाव दोन प्रकारे लिहिलेले आढळू शकते. ही तफावत विमानतळावर अडचणीची ठरू शकते.

पैशाची व्यवस्था

सहलीसाठी कर्ज काढण्यापेक्षा आवर्ती ठेव उघडणे केव्हाही हितावह. समजा, चौघांच्या कुटुंबाने सहलीसाठी १,२०,००० रुपयांचा अंदाज बांधला. दरमहा १०,००० रुपयांची आवर्ती ठेव बारा महिन्यांत हे मुद्दल उभे करते, आणि मिळणारे व्याज आकस्मिक खर्चाच्या उपयोगी पडते. त्यातील किमान दहावा हिस्सा राखीव ठेवावा.

विदेशी चलनाबाबतचे पुढील नियम लक्षात असावेत.

• उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत परदेशी रक्कम पाठविता वा नेता येते. त्यासाठी पॅन आवश्यक आहे.

• श्रीलंकेच्या एका भेटीसाठी विदेशी चलनाच्या नोटा ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात. उर्वरित रक्कम कार्डावर घ्यावी.

• भारतीय चलनी नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंत सोबत नेता येतात.

• परतल्यानंतर उरलेले विदेशी चलन १८० दिवसांच्या आत बँकेस परत करावे. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील प्रवासासाठी जवळ ठेवण्याची मुभा आहे.

फॉरेक्स कार्डावर सामान्यतः डॉलर भरले जातात आणि खर्चाच्या वेळी त्यांचे श्रीलंकी रुपयांत रूपांतर होते. दुकानदाराने यंत्रावर ‘भारतीय रुपयांत की स्थानिक चलनात?’ असे विचारल्यास स्थानिक चलन निवडावे. अन्यथा व्यापाऱ्याच्या बाजूने ठरलेला, बहुधा महागडा, विनिमय दर लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआयद्वारेही दुकानदारांना पैसे देता येतात. मात्र आपल्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय सुविधा आधी सुरू करून घ्यावी लागते आणि प्रत्येक दुकानात ती उपलब्ध असेलच असे नाही. म्हणून थोडी रोकड जवळ हवीच. निघण्यापूर्वी आपल्या कार्डावरील परदेशी व्यवहारांची मुभा चालू करून खर्चमर्यादा ठरवावी आणि परतल्यावर ती बंद करावी.

कर व रजा प्रवास सवलत

परदेशी सहलीचे संपूर्ण पॅकेज प्रवासी कंपनीकडून घेतल्यास कंपनी उगमस्थानी कर, म्हणजेच टीसीएस, वसूल करते. हा जादा खर्च नव्हे. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. मात्र तोवर ती रक्कम अडकून राहते, म्हणून अंदाजपत्रकात तिची तरतूद असावी.

कर्मचारी बंधुभगिनींसाठी एक सूचना. प्राप्तिकरातील रजा प्रवास सवलतीची सूट केवळ भारतातील प्रवासास आहे. प्रवासमार्गात परदेशाचा समावेश केल्यास ती मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी एका बँकेच्याच प्रकरणात दिला. ‘तंजावरपर्यंत सवलतीत जाऊ आणि तेथून कोलंबो करून येऊ’ असा बेत असेल, तर या दोन सहली एका देयकात गुंफू नयेत.

विमा टाळू नये

‘एवढे जवळ तर जायचे आहे’ या विचाराने अनेकजण प्रवास विमा घेत नाहीत. परंतु घर जवळ असले तरी समुद्रापलीकडे आपला नेहमीचा आरोग्य विमा बहुधा लागू होत नाही. पाय मुरगळणे, अन्नबाधा किंवा रक्तदाबाचा त्रास अंतर पाहून येत नाही, आणि रुग्णालयात आगाऊ रक्कम भरण्याची वेळ आली, तर वर्षभराची बचत एका दिवसात संपू शकते. सहलीच्या एकूण खर्चाच्या मानाने विम्याचा हप्ता अल्प असतो. अर्जात मधुमेह, रक्तदाब यांसारखे पूर्वीचे आजार लपवू नयेत. लपविल्यास दावा फेटाळला जाण्याची शक्यता असते. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातील पिशवीत न्यावीत.

शेवटी

दोन महिने आधी पारपत्र व तिकीट, महिनाभर आधी निवास, प्रवेश परवाना व विमा, आठवडाभर आधी चलन व कार्डे, असा क्रम ठेवला म्हणजे धावपळ उरत नाही. दोन दिवसांत दोनच ठिकाणे पाहिली म्हणून हळहळू नये. उरलेली ठिकाणे पुढील आवर्ती ठेवीसाठी राखून ठेवावीत. बेट जागचे हलणार नाही आणि उड्डाण तासाभराचेच आहे.