हलवून उतरवलेली चेरी

अमेरिकेत लेक मिशिगनच्या काठच्या बागांत जुलैमध्ये ‘माँटमोरेन्सी’ या आंबट चेरीची काढणी होते. इथे फळं हाताने खुडत नाहीत. यंत्राचा जाड रबरी गाद्यांचा चिमटा खोड धरतो, खाली कापड पसरलं जातं आणि काही सेकंदांच्या थरथराटात जवळजवळ सगळी फळं खाली येतात. देठ बहुतेक फांदीवरच राहतात. त्यासाठी बरेचदा आधी इथेफॉन हे रसायन फवारून देठाची पकड सैल केलेली असते. फळं लगोलग थंड पाण्याच्या टाकीत पडतात, म्हणजे गर घट्ट राहतो. मला खरं कसब वाटतं ते चालकाचं. चिमटा चुकीचा बसला, तर साल खोडावरून सुटते आणि झाड खंगत जातं. म्हणूनच कोवळ्या झाडांना पहिली काही वर्षं यंत्र लावतच नाहीत.