पांढऱ्या आणि क्रीम रंगाने उजळेल आपली खोली

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतून रंगाचे डबे आणि चुन्याच्या बादल्या दिसू लागतात. कोणी जयंतीला, कोणी बुद्धपौर्णिमेला, तर कोणी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी घर रंगवून घेते. रंग कोणता द्यायचा यावरून घरात चर्चा होते. मुलांना निळी भिंत हवी असते, कोणाला गुलाबी आवडते, तर रंगारी आपल्याकडे उरलेला हिरवा सुचवतो. पण दहा बाय बारा फुटांच्या खोलीला गडद रंग दिला की ती आहे त्याहून लहान आणि काळोखी वाटते. अशा खोलीसाठी पांढरा आणि क्रीम हे दोन रंग जोडीने वापरावेत. खर्च बेताचा येतो आणि खोलीत उजेड वाढतो.

पांढऱ्या भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के उजेड खोलीत परत येतो. क्रीम रंगाच्या भिंतीचे प्रमाण त्याहून थोडे कमी असते. गडद निळ्या किंवा हिरव्या भिंतीवरून मात्र २० टक्केसुद्धा परत येत नाही. ज्या घराला एकच खिडकी आहे आणि जिथे मुले जमिनीवर बसून अभ्यास करतात, तिथे हा फरक लहान नाही. परळच्या चाळीतील एकाच खोलीत, रात्री सगळे झोपलेले असताना उठून, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात बाबासाहेबांनी अभ्यास केला. आपल्या मुलांच्या वहीवर त्याहून चांगला उजेड पडावा, एवढे तर आपण नक्कीच करू शकतो.

पांढऱ्या रंगाशी आपले आणखी एक नाते आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. त्यांनी नेसण्याची जुनी पद्धत सोडण्यास सांगितले आणि स्वच्छ राहणीचा आग्रह धरला. ज्यांच्यावर अस्वच्छतेचा शिक्का मारला गेला होता, त्यांच्या घरातील स्वच्छता हा स्वाभिमानाचाच भाग होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक शुभ्र वस्त्रे नेसून धम्मदीक्षेला आले. आजही वंदनेला आपण पांढरेच वस्त्र नेसतो.

पांढरे दोन प्रकारचे

नुसती पांढरी खोली कोरडी, दवाखान्यासारखी वाटते आणि नुसती क्रीम खोली मळकट वाटण्याची भीती असते. दोन्ही जोडीने आले की एक दुसऱ्याला उठाव देतो. पण त्यासाठी पांढरा कोणता, हे पाहावे लागते. एक पांढरा निळसर झाक असलेला असतो, दुसरा दुधासारखा किंचित पिवळसर. क्रीमशेजारी निळसर पांढरा आला की क्रीम जुनाट आणि धुरकट दिसू लागतो. दुधी पांढरा मात्र त्याच्याशी जुळतो.

चुना देणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून आपण त्यात नीळ टाकतो. शेजारची भिंत क्रीम ठेवायची असेल तर नीळ टाकू नका. क्रीमसाठी त्याच चुन्यात थोडी पिवडी कालवा. पिवडी आधी पाण्यात भिजवून गाळून घ्यावी, म्हणजे भिंतीवर रेघोट्या उठत नाहीत. ओला चुना आणि वाळलेला चुना यांच्या रंगात खूप फरक असतो. म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात हातभर पट्टा मारून पाहा आणि तो पूर्ण वाळल्यावरच ठरवा. चुना भिजवताना तो उकळतो आणि उडतो. त्या वेळी लहान मुलांना दूर ठेवा आणि डोळे सांभाळा.

कोणता रंग कुठे?

छत पांढरे, भिंती क्रीम आणि दार-खिडकीच्या चौकटी पुन्हा पांढऱ्या, ही सोपी आणि हमखास साधणारी मांडणी आहे. छत पांढरे असले की ते उंच वाटते. खिडकीची चौकट आणि तिच्या आतील कडा पांढऱ्या असल्या की बाहेरचा उजेड आत खेचला जातो.

उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत उजेड थंड असतो, तिथे भिंतींचा क्रीम जरा गडद चालतो. पश्चिमेचे ऊन येत असेल तर दुपारनंतर भिंती आपोआप पिवळ्या दिसतात, तिथे क्रीम अगदी फिका घ्यावा. रंगाचा पट्टा रात्री दिवा लावूनही पाहावा. पांढऱ्या प्रकाशाच्या दिव्याखाली क्रीम फिका पडतो, तर पिवळसर दिव्याखाली तो अधिक पिवळा दिसतो.

मुलांचे हात लागतात त्या खालच्या तीन फुटांपर्यंत आणि स्वयंपाकाच्या ओट्याजवळ पुसता येईल असा क्रीम तेलरंग द्यावा. तिथे पांढरा टिकत नाही.

भिंतीची आधी तयारी

जुन्या चुन्यावर सरळ प्लास्टिक पेंट किंवा तेलरंग मारला तर त्याचे पापुद्रे सुटतात. चुना खरवडून, भिंत धुऊन, वाळवून मगच रंग द्यावा. ओल येत असेल तर आधी गळती बंद करावी. ओलीवर दिलेला रंग फुगतो आणि पैसे वाया जातात.

जुना तेलरंग खरवडताना काळजी घ्यावी. पूर्वीच्या तेलरंगांत, विशेषतः पिवळसर छटांत, शिसे वापरले जाई. त्याची धूळ लहान मुलांना घातक असते. भारतात घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणून जुना थर कोरडा घासू नये, पाण्याने भिजवून काढावा आणि त्या दिवशी मुलांना शेजारी पाठवावे. नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय छापले आहे ते वाचावे.

रंग किती लागेल याचा हिशोब घरीच करा. दहा बाय बाराच्या खोलीच्या चारही भिंतींची लांबी ४४ फूट. उंची नऊ फूट असेल तर भिंती ३९६ चौरस फूट आणि छत १२० चौरस फूट. दार-खिडकीची जागा वजा करा आणि डब्यावर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. क्रीमचे दोन डबे लागणार असतील तर दोन्ही मोठ्या बादलीत एकत्र करा, कारण एकाच नंबरच्या दोन डब्यांतही छटा थोडी बदलू शकते. उरलेला रंग झाकण घट्ट लावून डागडुजीसाठी ठेवावा.

कापड आणि वंदनेची जागा

कोरे मांजरपाट मुळातच क्रीम रंगाचे असते. त्याचे पडदे स्वस्तात होतात. मात्र ते आधी धुऊन घ्या, कारण ते आटते. पडदे मांजरपाटाचे आणि चादर पांढरी, अशी जोडी छान दिसते. वेताची टोपली, तागाची पिशवी किंवा जुनी लाकडी पेटी अशा खोलीत शोभून दिसते.

तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा क्रीम भिंतीवर, खाली पांढरे वस्त्र अंथरून ठेवाव्यात. मेणबत्ती आणि अगरबत्ती भिंतीपासून हातभर पुढे आणि ताटलीत असावी. त्यामुळे भिंतीवर काजळी चढत नाही आणि आगीचा धोकाही टळतो. मुलांची निळ्या रंगाची हौसही इथेच पुरी होते. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हे पंचशील ध्वजाचे पाचही रंग फिक्या भिंतीवरच खुलून दिसतात.

रंगासाठी कर्ज काढू नये. यंदा एवढेच पैसे असतील तर फक्त छत आणि खिडकीच्या कडा पांढऱ्या करून घ्या. भिंती पुढच्या जयंतीला करता येतील. तेवढ्यानेही संध्याकाळी अभ्यासाला बसलेल्या मुलांना दिवा थोडा उशिरा लावावा लागेल.