आठाचे पाऊणपट सहा

साडेचार वाजून गेलेत. ताजमहाल हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर, सी लाउंजमध्ये, आम्हा चौघींना अगदी खिडकीपाशी जागा मिळाली आहे. समोर गेटवे, त्याच्या पायऱ्यांशी हेलकावणाऱ्या लाँची आणि पलीकडे बंदराचं राखाडी-हिरवं पाणी. गिरगाव चौपाटीवर या वेळी समुद्राकडे बघायचं तर कपाळावर हात धरावा लागतो. इथं पाणी पूर्वेला. ऊन हॉटेलच्या पाठीमागून येतं, गेटवेच्या पिवळसर दगडावर पडतं आणि डोळे न दिपता पाण्याकडे कितीही वेळ बघता येतं. मुंबईत दुपारच्या चहाला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

दार्जिलिंग चहाची किटली येते. दूध नको, साखर नको, तीन-चार मिनिटं पत्ती मुरू द्यायची. चौलची मैत्रीण मात्र मसाला चहाच मागवते. तिला आलं हवंच. काकडीचे सँडविच, स्कोन, त्यांच्यावर लावायची घट्ट साय आणि जॅम, आणि त्यांच्याच पंक्तीला भेळ, शेवपुरी. असा चारचा चहा इंग्लंडात १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲनाबाईंनी रूढ केला, कारण रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांना भूक धरवत नसे, असं सांगतात. पण गोड स्कोननंतर चिंचेच्या चटणीचा घास आणि त्यावर बिनसाखरेच्या चहाचा घोट, ही चव मुंबईची. आम्ही तिघी भेळेकडे पुन्हा वळतो. चौथी खिडकीतून बाहेर बघतेय.

“भरती लागलीये गं,” चौलची सांगते. “आज अष्टमी ना? आठाचे पाऊणपट सहा. सहाला पूर्ण भरती.”

तिच्या माहेरी लहान पोरंही हा हिशेब करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. थोडाफार फरक पडतो, पण अंदाज साधारण जुळतो. अष्टमीचं पाणी भांगाचं, त्याला जोर कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा लाटा भिंतीवर आपटतात. आता आम्ही सगळ्याच पायऱ्यांकडे बघतोय. मघाशी ओली शेवाळी पायरी दिसत होती, ती गेली. तिच्या वरच्या पायरीवर पाणी येतंय, मागे सरतंय, पुन्हा येतंय. घारापुरीहून आलेली लाँच लागते, माणसं हात धरून उतरतात. मांडव्याच्या बोटीमागे सीगल पक्ष्यांचा थवा आहे.

केईएममध्ये जन्मभर परिचारिकेचं काम केलेली आमची मैत्रीण गेटवेवरून नजर काढत नाही. केईएमची इमारत आणि हा दरवाजा, दोन्ही वास्तुविशारद जॉर्ज विटेटचे. दरवाज्याची १९११ मध्ये पायाभरणी, १९२४ मध्ये उद्घाटन. विटेट १९२६ मध्ये मुंबईतच वारला, शिवडीला त्याची कबर आहे. “माझ्या वॉर्डाच्या कमानींखाली किती जण रडले, किती हसले,” ती म्हणते, “आणि त्याच माणसानं हेही बांधलं.” ताज १९०३ चं. म्हणजे पहिली कित्येक वर्षं या खिडक्यांसमोर हा दरवाजा नव्हताच, नुसतं अपोलो बंदर आणि पाणी. मला ते मोकळं दृश्य कल्पनेत बघायला आवडतं, पण गेटवे नसलेली मुंबई मनाला पटत नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीकडे गेली. १९६१ पासून बाजूच्या बागेत अश्वारूढ शिवाजी महाराज आहेत. पूर्वी तिथं पंचम जॉर्जचा पुतळा होता.

पियानो सुरू होतो. शेजारच्या टेबलावर दोन कुटुंबं आली आहेत, मधे एक मुलगा आणि एक मुलगी. आमच्या लगेच ध्यानात येतं. पारशी कुटुंबांत स्थळं बघण्यासाठी ही जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, आणि आता इतरही येतात. आमच्या वेळी घरच्या बैठकीत कांदेपोह्यांची बशी घेऊन जायचं, मान खाली, उत्तरं मोजकी. ही मुलगी मात्र ताठ बसली आहे. मुलगा काही विचारतो. ती थेट त्याच्याकडे बघून सविस्तर उत्तर देते, मग स्वतः दोन प्रश्न विचारते. त्याच्या हातातला कप तसाच राहतो. मुलीची आई मधे बोलू बघते आणि थांबते. आमच्यातली सर्वांत अबोल मैत्रीण माझा हात दाबते. तिला त्या बैठकीत काहीच विचारता आलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मला त्या मुलीचा मनापासून अभिमान वाटतो, ओळख नसताना.

दुसरी किटली येते. घरी चारचा चहा आपणच टाकायचा, आपणच गाळायचा, शेवटी उरेल तो प्यायचा. इथं बसल्या जागी गरम कप हातात येतो आणि बोलणं मधेच तुटत नाही. या दुपारसाठी आम्ही पैसे बाजूला टाकत आलो, आणि ते योग्यच केलं.

“आता माझ्याकडे या सगळ्या,” चौलची म्हणते. “मांडव्याची बोट धरा, पुढे मी न्यायला येते. पंचमीला या.”

“पंचमीच का गं?”

“पाचाचे पाऊणपट पावणेचार. चहाच्या वेळेला पाणी आमच्या वाडीच्या बांधापर्यंत येतं.”

अबोल मैत्रीण पर्समधून छोटं पंचांग काढते आणि तारीख शोधू लागते.