आधी कोणता संदेश सोडायचा?

एटीएममध्ये पिन टाकल्यापासून नोटा हाती पडेपर्यंत यंत्र आणि बँक यांच्यात संदेशांची ये-जा चालू असते. या संदेशांसाठी जगभर वापरले जाणारे मानक म्हणजे आयएसओ ८५८३. ते १९८७ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला चार अंक असतात. ०२०० म्हणजे ‘पैसे देऊ का?’, ०४२० म्हणजे ‘तो व्यवहार उलटवा’, ०८०० म्हणजे ‘लाइन चालू आहे ना?’. दुसऱ्या अंकावरूनच संदेशाची जात कळते.

गर्दीच्या वेळी हे सगळे एकाच जोडणीवर ताटकळतात. आधी आला तो आधी गेला, हा नियम न्याय्य वाटला तरी इथे नडतो. ०८०० मागे अडकला, तर लाइन मेली असे समजून पलीकडचा संगणक जोडणीच तोडू शकतो. म्हणून हा इवलासा संदेश सर्वांत पुढे ठेवतात. त्यामागे ०२००, कारण काही सेकंदांत उत्तर आले नाही तर त्याचा उपयोगच संपतो. हिशेबाच्या फायली शेवटी.

०४२०ची गोष्ट निराळी. खात्यातून रक्कम वजा झाली, पण नोटा बाहेरच आल्या नाहीत, तेव्हा तो निघतो. तो थोडा उशिरा पोहोचला तर चालते, हरवून चालत नाही. म्हणून तो डिस्कवर जपून ठेवतात आणि पोच मिळेपर्यंत ०४२१ म्हणून पुन्हा पुन्हा पाठवतात. घाईचे आणि महत्त्वाचे यांतला फरक इथे कळतो.

प्राधान्याचेही धोके आहेत. खालच्या क्रमाचा संदेश कायमचा मागे राहू नये म्हणून थांबण्याच्या वेळेनुसार त्याचा क्रम वाढवावा लागतो. शिवाय ०४२०ने स्वतःच्याच ०२००ला मागे टाकले, तर बँक म्हणणार, ‘असा व्यवहार झालाच नाही!’ म्हणून एकाच व्यवहारातल्या संदेशांचा क्रम मोडायचा नसतो.

यूपीआयमध्ये तर थांबू शकणाऱ्यांना गर्दीत येऊच न देण्याचा मार्ग निघाला. १ ऑगस्ट २०२५पासून एका ॲपवर दिवसातून ५० वेळाच शिल्लक पाहता येते. ऑटोपेची वसुलीही सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री साडेनऊ या वेळा टाळून होते.

एवढे करूनही एटीएमने नोटा न देताच पैसे कापले, तर रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम लक्षात ठेवा : व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम खात्यात परत यायला हवी. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची असते.