वीगन आहाराचा नेम आणि पंगतीतला आग्रह

प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ न घेणे म्हणजे वीगन आहार. मांस, मासे आणि अंडी यांच्याबरोबर दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा आणि मधही त्यात वर्ज्य असतो. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे जोडून तो बनवला आणि त्याच वर्षी वीगन सोसायटीची स्थापना केली. प्राण्यांचे शोषण आणि त्यांच्यावरील क्रौर्य ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ टाळावे, असा या संस्थेच्या व्याख्येचा आशय आहे.

स्वतःच्या घरात हा आहार पाळणे तुलनेने सोपे असते. किराणा आपण भरतो, फोडणी आपण देतो. खरी कसोटी लागते ती लग्नाच्या पंगतीत, आत्याच्या घरी, सत्यनारायणाच्या पूजेला आणि कचेरीतल्या वाढदिवसाला. अमेरिकेतील फॉनालिटिक्स या संस्थेने २०१४ साली ११ हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. शाकाहारी किंवा वीगन आहार सुरू केलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांनी तो पुढे सोडून दिल्याचे तिच्यात आढळले. सोडणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोकांना या आहारामुळे चारचौघांत वेगळे पडणे आवडले नव्हते. आहार टिकवायचा, तर पाककृतींइतकाच विचार माणसांचाही करावा लागतो.

दुधाला ‘नको’ म्हणणे

महाराष्ट्रात मांस नको म्हणणाऱ्याला सहसा कोणी कारण विचारत नाही. तूप नको म्हणणाऱ्याला मात्र विचारतात. भारत हा जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे, आणि इथल्या शाकाहारात दूध केंद्रस्थानी आहे. पंगतीत भातावर तूप वाढण्याला अन्नशुद्धी म्हणतात. पंचामृतातले दूध, दही, तूप आणि मध हे चार पदार्थ वीगन आहारात बसत नाहीत, उरते ती साखर. आजारी माणसाला दूध, बाळंतिणीला तूप, पाहुण्याला दुधाचा चहा ही मायेची भाषा आहे. म्हणून दुधाला दिलेला नकार अनेकदा मायेला दिलेला नकार वाटतो.

तरीही आहाराचे नेम मराठी समाजाला नवे नाहीत. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मांसाहार करत नाही, हे सगळ्या गावाला माहीत असते. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी वर्ज्य करणारी घरे आषाढात कांदेनवमीला कांद्याचे पदार्थ करून खातात आणि मग नेम धरतात. जैन शेजाऱ्यांना जेवायला बोलावताना कंदमुळे टाळली जातात आणि सूर्यास्ताची वेळ पाहिली जाते. हे नेम निभतात, कारण ते इतरांना आधीपासून माहीत असतात, काय चालते आणि काय नाही हे नेमके ठरलेले असते आणि ते माणसागणिक बदलत नाहीत. वीगन आहाराला धर्माचे किंवा परंपरेचे असे पाठबळ नाही. म्हणून ही तिन्ही कामे तो पाळणाऱ्याने स्वतः करावी लागतात.

गांधीजींचे उदाहरण

दूध सोडण्याच्या नेमाचे सर्वांत प्रसिद्ध भारतीय उदाहरण महात्मा गांधींचे आहे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी आणि हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडले. १९१८–१९ च्या दीर्घ आजारात मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांना दूध घेण्यास सांगितले. तेव्हा कस्तुरबांनी सुचवले की, व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीचे दूध घ्यायला काय हरकत आहे? गांधीजींनी ते मान्य केले. मात्र आपण व्रताचा शब्द पाळला आणि आशय सोडला, ही खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नोंदवली आहे. नेमाची कसोटी सर्वांत कठीण होते ती मायेच्या माणसासमोर, हे या प्रसंगातून दिसते.

नोव्हेंबर १९३१ मध्ये लंडनच्या व्हेजिटेरियन सोसायटीसमोर त्यांनी केलेले भाषणही या विषयाला लागू पडते. केवळ प्रकृतीसाठी शाकाहार धरलेली माणसे बहुधा तो सोडून देतात, त्याला नैतिक पाया हवा, असे त्यांचे म्हणणे होते. शाकाहारी माणसाने इतरांशी सहिष्णुतेने आणि नम्रतेने वागावे, असेही त्यांनी तिथेच सांगितले.

काय आणि कसे सांगावे

नकाराच्या शब्दांनी फरक पडतो. व्हॅनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हॅग्टव्हेट या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘मला खाता येत नाही’ आणि ‘मी खात नाही’ या दोन वाक्यांची तुलना केली. दुसरे वाक्य वापरणारे लोक मोहाला अधिक खंबीरपणे नाही म्हणू शकले. मराठीतही हा भेद आहे. ‘मला दूध चालत नाही’ म्हटले की ऐकणाऱ्याला पथ्य वाटते. मग डॉक्टरांनी किती दिवस सांगितले आहे, थोडेसे घेतले तर चालेल का, असे प्रश्न येतात. ‘मी दूध-तूप घेत नाही’ या वाक्यात निर्णय स्वतःचा असतो आणि प्रश्न तिथेच संपतो.

वीगन या शब्दापेक्षा पदार्थांची नावे उपयोगी पडतात. अनेक घरांत हा शब्द अजून अनोळखी आहे, आणि ‘शुद्ध शाकाहारी’ म्हटले की दूध-तूप गृहीत धरले जाते. ‘दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा आणि मध नको, बाकी सगळे चालेल’ हे वाक्य आजीलाही कळते आणि आचाऱ्यालाही. कारण विचारले तर एका वाक्यात सांगावे. गोठ्यातल्या वासरांची चर्चा पान वाढलेले असताना करू नये. जेवणानंतर कोणी जिज्ञासेने विचारले, तर सविस्तर बोलायला वेळ असतोच.

कोणत्या प्रसंगी काय करायचे, हे आधी ठरवून ठेवणेही उपयोगी असते. ‘असे झाले, तर मी असे करीन’ या स्वरूपात ठरवलेला बेत नुसत्या निश्चयापेक्षा अधिक पार पडतो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले आहे. ‘चहा विचारला, तर कोरा चहा मागेन’ हा असाच एक साधा बेत आहे.

नातेवाइकांकडे आणि पंगतीत

पाहुणा म्हणून जाताना निरोप आधी द्यावा. स्वयंपाक झाल्यावर सांगितलेला नेम यजमानाला अडचणीत टाकतो, दोन दिवस आधी सांगितलेला टाकत नाही. निरोपासोबत मदतही द्यावी: ‘काकू, वेगळे काही करू नका. कोशिंबिरीत दही घालण्याआधी वाटीभर बाजूला काढा आणि आमटीला तेलाची फोडणी द्या, तेवढे पुरे.’ शक्य असेल तर एखादा पदार्थ करून न्यावा, आणि तो सर्वांना पुरेल इतका असावा. वेगळ्या डब्यात एकट्यासाठी नेलेला पदार्थ अंतर वाढवतो.

मराठी स्वयंपाकात या आहाराला भरपूर जागा आहे. पिठले-भाकरी, झुणका, उसळी, भरली वांगी, अळूची पातळ भाजी, कटाची आमटी, कांदेपोहे, कोथिंबीर वडी, शेंगदाण्याची चटणी हे सगळे तेलावर होते. कोकणात नारळाच्या दुधाची समृद्ध परंपरा आहे. सोलकढी, नारळाच्या रसातले शिरवाळे आणि घावने तिथे पूर्वापार होतात. पुरणपोळीही तिथे नारळाच्या दुधाशी खातात. गोव्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि नारळाचे दूध व गूळ घालून केलेले मणगणे आहे. तिळगूळ, गुळाची पोळी आणि उकडीचे मोदकही तुपाऐवजी तेल वापरून करता येतात.

लग्नात यजमान गडबडीत असतो, म्हणून काही दिवस आधी परवानगी घेऊन थेट आचाऱ्याशी किंवा केटररशी बोलावे. भाज्या कशात परततात, पुरीचे मोहन कशाचे आहे, जिलबीच्या पिठात दही आहे का, मसालेभातावर तूप सोडतात का, एवढे चार प्रश्न पुरतात. एका पानापुरते वरण तुपाआधी काढून ठेवणे कोणत्याही आचाऱ्याला जड नसते. वाढपी तुपाची वाटी घेऊन आला की पानावर हात आडवा धरावा. ही खूण सर्वांना समजते.

आग्रहाचे उत्तर रिकाम्या पानाने देऊ नये. आग्रह करणाऱ्याला समोरचा तृप्त झालेला पाहायचा असतो. ‘मावशी, श्रीखंड नको, पण बटाट्याची भाजी आणखी वाढा’ असे म्हटले की तिचा आग्रह वाया जात नाही. नाकारायचे ते पदार्थाला, वाढणाऱ्या हाताला नव्हे. हे तत्त्व सांभाळले, तर बहुतेक ठिकाणी दुरावा येत नाही.

प्रसाद आणि उपास

प्रसादाचा प्रसंग सर्वांत नाजूक असतो, कारण तिथे श्रद्धेचा संबंध येतो. सत्यनारायणाचा शिरा तुपातला असतो आणि तीर्थात पंचामृत असू शकते. हात पुढे करून प्रसाद घ्यावा, नमस्कार करावा आणि तो घरच्या दुसऱ्या व्यक्तीला द्यावा, हा एक मार्ग आहे. नारळ, केळे, गूळ-खोबरे किंवा साखरफुटाणे हा प्रसाद असेल, तर तो निःशंक घेता येतो. स्वतःच्या घरी पूजा असेल, तर फळांचा किंवा गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य परंपरेतलाच आहे.

उपासाचे पदार्थ दूध-तूप नसलेले असतात, हा समज चुकीचा आहे. साबुदाण्याची खिचडी बहुधा तुपात होते. भगर आणि दाण्याची आमटी शेंगदाणा तेलात करता येते. हॉटेलातील ‘जैन’ पदार्थांबद्दलही हाच गैरसमज आहे. त्यांत कांदा-लसूण नसतो, पण लोणी आणि पनीर असू शकते.

कचेरी, हॉटेल आणि प्रवास

कचेरीत वाढदिवसाचा केक येतो. ‘एगलेस’ केक वीगन नसतो. अंड्याऐवजी त्यात अनेकदा कंडेन्स्ड मिल्क किंवा दही घातलेले असते. केक कापताना टाळ्या वाजवाव्यात, शुभेच्छा द्याव्यात आणि सोबत आणलेली चिक्की सर्वांना वाटावी. हॉटेलात नान आणि भटुऱ्याच्या पिठात दही असू शकते. तंदुरी रोटी बटर न लावता, भाकरी, इडली-सांबार, तेलावरचा डोसा हे पर्याय बहुतेक ठिकाणी मिळतात. सांबारात, चटणीत किंवा उपम्यात काय आहे, हे मात्र विचारावे. प्रवासात शेंगदाणे, केळी, भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या सोबत ठेवाव्यात. दशमी हा प्रवासाचा जुना खाऊ असला, तरी तिचे पीठ दुधात मळतात.

पाकीटबंद पदार्थांवरचे हिरव्या ठिपक्याचे चिन्ह शाकाहाराचे आहे, त्यात दूध चालते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ साली वीगन पदार्थांसाठी वेगळे नियम लागू केले. त्यांनुसार अशा पदार्थांवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचे हिरवे चिन्ह असते. ते नसेल तर घटकांची यादी वाचावी. दूध हा ॲलर्जी आणणारा घटक असल्याने त्याचा उल्लेख लेबलवर करावा लागतो. बिस्किटांत दुधाची भुकटी अनेकदा सापडते.

घरच्यांची काळजी

‘दूध नाही, मग ताकद कुठून येणार?’ हा आईवडिलांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, त्याला नीट उत्तर द्यावे. कॅल्शियमसाठी नाचणी उत्तम आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, पालेभाज्या आणि डाळी यांचीही जोड मिळते. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ मात्र वनस्पतिजन्य अन्नातून विश्वासार्ह प्रमाणात मिळत नाही. आंबवलेले पदार्थही त्यासाठी पुरेसे नसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी त्याची गरज दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. ती भागवण्यासाठी वीगन व्यक्तीने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेणे आणि वेळोवेळी रक्ततपासणी करणे आवश्यक आहे. गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि लहान मुले यांच्याबाबत आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हा बदल करू नये. तपासणीचा चांगला अहवाल घरच्यांना जितका धीर देतो, तितका कोणताही युक्तिवाद देत नाही.

चूक झाली तर

इतकी काळजी घेऊनही कधीतरी चूक होते. चटणीत दही निघते, लाडवात तूप असते. ते कळल्यावर पान सोडून उठू नये आणि यजमानाला अपराधी वाटेल असे बोलू नये. पुढचा घास टाळावा आणि पुढच्या वेळी तो प्रश्न आधी विचारावा. नकळत झालेल्या चुकीने नेम मोडत नाही. ‘आज मोडलाच आहे, तर आता राहू दे’ असे म्हटल्याने मात्र तो मोडतो. कोणाच्या आग्रहाखातर एकदा जाणूनबुजून दिलेली सवलत पुढे प्रत्येक घरात मागितली जाते. आत्याकडे खाल्लेस, मग माझ्याकडे का नाही, हा प्रश्न रास्त असतो आणि त्याला उत्तर नसते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत सर्व ठिकाणी एकच उत्तर द्यावे, तेही हसतमुखाने. त्यानंतर नेमाची आठवण करून द्यावी लागत नाही. कोशिंबिरीत दही घालण्यापूर्वी वाटीभर बाजूला काढणे हा त्या घराच्या स्वयंपाकाचाच भाग होऊन जातो.