भूकंप मोजणारे अमेरिकन पंडित

इ. स. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहांटे कोयनानगर हादरलें आणि १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहांटे किल्लारीचा परिसर मातीस मिळाला. त्या त्या वेळीं वृत्तपत्रांतून 'इतके रिश्टर' हे शब्द घरोघर पोंचले. तेव्हांपासून हें नांव खेड्यापाड्यांतहि लोकांच्या तोंडीं बसलें आहे. परंतु रिश्टर हे गृहस्थ कोण, आणि त्यांनीं मोजलें तें नेमकें काय, हें सांगूं शकणारे थोडे. कित्येकांची समजूत अशी कीं, रिश्टर नांवाचें तराजूसारखें एखादें यंत्र असावें. हा भ्रम कांहीं आपल्याकडचाच नव्हे. खुद्द रिश्टर ह्यांच्याकडे येणारे पाहुणेहि 'तुमचें तें स्केल एकदां दाखवा' असा हट्ट धरीत, आणि त्यांना दाखवावयास कोष्टकें व आलेख ह्यांखेरीज कांहीं नसे.

मात्र ह्या शास्त्राची अमेरिकेंतील खरी सुरुवात रिश्टर ह्यांच्यापूर्वीं, एका मोठ्या अनर्थांतून झाली. १८ एप्रिल १९०६ रोजीं पहांटे पांच वाजून बारा मिनिटांनीं सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपानें हादरलें. मागाहून लागलेली आग तीन दिवस धुमसत होती. सुमारें तीन हजार माणसें प्राणांस मुकलीं. शहरांतील व्यापारी मंडळींना भूकंपापेक्षां आगीचें नांव पुढें करणें सोयीचें वाटे. कारण आग कोठेंहि लागते, परंतु भूकंपाच्या गांवीं भांडवल कोण गुंतवणार? अशा वेळीं प्रो. अँड्र्यू लॉसन ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशीमंडळ नेमलें गेलें. जमिनींतील ज्या भेगेला लॉसन ह्यांनीं १८९५ सालीं 'सॅन अँड्रियास' हें नांव दिलें होतें, तीच भेग जवळजवळ तीनशें मैल सरकली होती. तिच्यावरून गेलेलीं कुंपणें व रस्ते मधोमध तुटून कोठें आठ फूट, तर एके ठिकाणीं सुमारें २० फूट बाजूस गेले होते.

ह्या मंडळांत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्रो. हॅरी फील्डिंग रीड होते. त्यांनीं ह्या प्रदेशाच्या सरकारी मोजण्या काढून एकमेकींशीं ताडून पाहिल्या. भूकंपापूर्वींच्या अर्धशतकांतच भेगेच्या दोन्ही बाजूंचे दूरदूरचे मुलूख परस्परविरुद्ध दिशांनीं सुमारें १० फूट सरकले होते. आणि भेगेलगतची जमीन मात्र जागच्या जागीं चिकटून राहिली होती. ह्यावरून रीड ह्यांनीं १९१० सालीं आपला सिद्धान्त मांडला. वेताची छडी दोन्ही हातांनीं वांकवीत गेल्यास कांहीं वेळ ती निमूटपणें वांकते; परंतु एका क्षणीं कड्‌दिशीं मोडते, आणि मोडलेले दोन्ही तुकडे झटक्यानें सरळ होतात. खडकाचेंहि तसेंच. वर्षानुवर्षें सांठलेला ताण ज्या क्षणीं सुटतो, तोच भूकंप होय. तोंवर पुष्कळ पंडितांचा समज असा कीं, आधीं भूकंप होतो व त्यानें जमीन फाटते. रीड ह्यांनीं हें कारण व कार्य उलटें करून दाखविलें.

पुढें पाहिजे होतें तें नाजूक यंत्र. १९०६ च्या पडझडीचा घरोघर हिंडून अभ्यास केलेले हॅरी वुड आणि माउंट विल्सन वेधशाळेचे ज्योतिर्विद जॉन अँडरसन ह्या दोघांनीं तें तयार केलें. अतिशय बारीक तारेला टांगलेला तांब्याचा एक लहानसा तुकडा, त्यावर आरसा, आणि आरशावरून परतलेला प्रकाशकिरण छायाचित्राच्या कागदावर रेषा ओढतो, अशी त्याची रचना. जमिनीची हालचाल तें सुमारें २८०० पटींनीं मोठी करून दाखवी. पासाडेना येथील भूकंप-प्रयोगशाळेंत १९२७ सालीं वुड ह्यांच्या हाताखालीं एक तरुण पदार्थविज्ञानी मदतनीस म्हणून लागला, तोच चार्ल्स रिश्टर. अणूंचा अभ्यास सोडून भूकंपाच्या कागदांवरील रेषा मोजीत बसणें त्याला प्रथम मोठेंसें आवडलें असेल असें वाटत नाहीं. परंतु तेथेंच त्याचा जन्म गेला.

दक्षिण कॅलिफोर्नियांत वर्षाकांठीं शेंकडों लहानमोठे धक्के बसत. त्यांतला मोठा कोणता व लहान कोणता, हें ठरवावयाचें कसें? तेथवर जी मोजणी होती ती तीव्रतेची, म्हणजे भिंती किती पडल्या व माणसें किती घाबरलीं ह्यांची. ओसाड रानांतला मोठा भूकंप तींत लहान ठरे. रिश्टर ह्यांनीं यंत्रावरील रेषेची उंची व भूकंपस्थानाचें अंतर ह्यांवरून एकच आंकडा काढण्याची युक्ति १९३५ सालीं प्रसिद्ध केली. जर्मनीहून आलेले बेनो गुटेनबर्ग ह्यांनीं हे आंकडे लॉगॅरिथमनें मांडण्याचें सुचविलें नसतें, तर ती युक्ति कदाचित् अडूनच राहिली असती. ह्याच गुटेनबर्गांनीं पृथ्वीच्या गाभ्याची सीमा सुमारें २९०० किलोमीटर खोल आहे हें पूर्वींच ठरविलें होतें. एवढ्या योग्यतेच्या पुरुषाचें नांव मापाला जोडलें गेलें नाहीं, हा थोडा अन्यायच म्हणावयाचा. 'महत्ता' ह्या अर्थाचा शब्द मात्र ज्योतिषांतून, ताऱ्यांच्या प्रतीवरून घेतला. फरक इतकाच कीं, ताऱ्याच्या प्रतीचा आंकडा वाढला कीं तेज कमी होतें, आणि येथें आंकडा वाढला कीं आपत्ति वाढते.

तीव्रता आणि महत्ता ह्यांतील भेद रिश्टर रेडिओच्या दृष्टान्तानें समजावीत. आकाशवाणीचें केंद्र किती किलोवॅटचें, तो आंकडा एकच. परंतु ऐकणाराच्या घरीं आवाज कसा येतो, हें त्याच्या अंतरावर व मधल्या मुलुखावर अवलंबून. महत्तेचा आंकडा एकानें वाढला म्हणजे रेषेची उंची दसपट होते. बाहेर पडणारी शक्ति मात्र सुमारें ३२ पट वाढते. दोन आंकडे वाढल्यास ती सुमारें हजारपट होते. कोयना व किल्लारी ह्या दोन्ही भूकंपांची महत्ता सहाच्या थोडी पुढें होती. पण किल्लारीस जड दगडमातीच्या भिंतींखालीं निजलेलीं हजारों माणसें गेलीं. आंकडा जवळजवळ तोच, फळ मात्र निराळें.

फार मोठ्या भूकंपांना रिश्टरचें माप पुरें पडत नाहीं. कागदावरील रेषा एका मर्यादेपुढें वाढतच नाहींत. म्हणून जपानांत जन्मलेले केइती आकी आणि हिरू कानामोरी ह्यांनीं, व कानामोरींचे सहकारी टॉमस हँक्स ह्यांनीं, फाटलेल्या भेगेचें क्षेत्रफळ व सरकलेलें अंतर हिशेबांत घेणारें नवें माप रूढ केलें. चिलीच्या १९६० च्या भूकंपाचा ९.५ हा आंकडा त्याच मापाचा. मोठ्या भूकंपांसाठीं शास्त्रज्ञ आज हेंच वापरतात. वृत्तपत्रें मात्र अजून 'रिश्टर' लिहितात.

१० मार्च १९३३ रोजीं सायंकाळीं सहाच्या सुमारास लाँग बीच येथें भूकंप झाला. पासाडेनांत त्या वेळीं गुटेनबर्ग आणि आइन्स्टाइन भूकंपावरच बोलत चालले होते, आणि बोलण्याच्या भरांत दोघांसहि धक्का कळला नाहीं, अशी गोष्ट सांगतात. लाँग बीचला मात्र विटांच्या शाळा पत्त्यांच्या घरासारख्या कोसळल्या. मुलें घरीं गेलेलीं होतीं. तोच धक्का चार तास आधीं बसता, तर काय झालें असतें, हें आईबापांना पडलेल्या भिंती पाहूनच उमगलें. बरोबर एक महिन्यानें, १० एप्रिल १९३३ रोजीं, शाळांच्या इमारती भूकंपास टिकतील अशाच बांधल्या पाहिजेत असा कायदा कॅलिफोर्नियानें केला. त्या कायद्याप्रमाणें बांधलेली शाळा तेथें अद्याप भूकंपानें कोसळलेली नाहीं.