प्रकाश, माती आणि साबणाचा भाऊबंद

कपड्याचा रंग धुण्यात आणि उन्हात टिकावा म्हणून रंगाचे रेणू मुद्दाम चिवट घडवतात. नेमका तोच चिवटपणा सांडपाण्यात नडतो, कारण शुद्धीकरण केंद्रातल्या जिवाणूंना ते सहजासहजी पचत नाहीत.

असे रेणू तोडण्याचा एक मार्ग म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक, म्हणजे प्रकाश पडल्यावर रासायनिक क्रिया घडवणारे पदार्थ. 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइड वापरून प्रकाशाच्या मदतीने पाण्याचं विघटन करून दाखवलं आणि प्रकाश-उत्प्रेरकांच्या संशोधनाला जोर आला. मात्र टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरण लागतात, आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के. बिस्मथ ऑक्सिब्रोमाइडचे नॅनोपत्रे दृश्य प्रकाशाचाही काही भाग वापरतात. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर उसळतो, मागे धनभारित पोकळी उरते. त्यातून तयार होणारी ऑक्सिजनची आक्रमक रूपं रंगाचे बंध तोडतात.

अडचण अशी, की हे पत्रे एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणून त्यांना मातीचा आधार देतात. कच्छच्या बेंटोनाइटमध्ये सापडणारं मॉन्टमोरिलोनाइट हे थरांचं खनिज. त्याच्या थरांवर ऋणभार असतो आणि मधे सोडियमसारखे आयन बसलेले असतात.

इथे साबणाचा भाऊबंद, म्हणजे सर्फॅक्टंट, कामाला येतो. सीटीएबी या सर्फॅक्टंटचं धनभारित डोकं सोडियमला हटवून थरांत शिरतं आणि थर फाकतात. त्याचा ब्रोमाइड बिस्मथ नायट्रेटच्या द्रावणात पत्र्यांचा कच्चा माल ठरतो. लांब तेलकट शेपटी सेंद्रिय रंगाला जवळ ओढते. एकच पदार्थ जागा करतो, माल पुरवतो आणि गिऱ्हाईकही आणतो.

प्रमाण मात्र सांभाळावं लागतं. जादा सीटीएबी पत्र्यांचा पृष्ठभाग झाकतं. शिवाय ते जलचरांना घातक असल्याने माती आणि पत्र्यांची तयार भुकटी नीट धुवावीच लागते.

चाचणीतही सावधगिरी हवी. भुकटी घातलेलं रंगीत पाणी आधी अंधारात ढवळतात, कारण माती नुसताच रंग शोषते आणि पाणी फिकं दिसू लागतं. ही घट थांबल्यावरच दिवा लावतात आणि ठरावीक वेळाने नमुने काढून उरलेला रंग मोजतात. तरी रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नव्हे. तुटलेले तुकडे उरतात, म्हणून एकूण सेंद्रिय कार्बनही मोजायला हवा.

पंचगंगेच्या खोऱ्यातल्या इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीचं पाणी एका रंगाचं स्वच्छ द्रावण नसतं. रंगाईच्या पाण्यात मीठ, सोडा, खळ सगळं मिसळलेलं असतं. संशोधकांनी आपली भुकटी त्या पाण्यात उतरवावी आणि निकाल चांगला-वाईट जसा येईल तसा मांडावा.